एकशे तेरा किलोमीटर आणि एकोणतीस हजार पट्ट्या

१३ नोव्हेंबर २०२२ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झालेली 'आयर्नमॅन ७०.३ गोवा' ही स्पर्धा मी ७ तास ५७ मिनिटांत पूर्ण केली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे, असे मिळून ते ११३ किलोमीटर होतात. मैलांत ते अंतर ७०.३ भरते आणि तोच आकडा स्पर्धेच्या नावात आहे. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि स्पर्धेच्या वेळी माझे वय ४४ होते. हे मी का केले आणि त्या निमित्ताने टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्यांसाठी जमलेले पैसे कुठे गेले, हे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण ज्यांनी पैसे दिले त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना मी आजवर समक्ष भेटलेले नाही.

सुरुवात २०१९च्या जानेवारीत माझ्याच वर्गात झाली. सातवीतील एक मुलगी एका तासात दोन-दोनदा लघवीला जाण्याची परवानगी मागू लागली होती, बाटलीतील पाणी मधल्या सुट्टीच्या आतच संपवत होती आणि बाकावर डोके टेकून बसत होती. मी तिला दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा परवानगी नाकारली. तिच्या अंगावरचा गणवेश सैल झाला होता, हे माझ्या लक्षात आले होते. परंतु त्याचा आणि तहानेचा संबंध मी जोडला नाही. आठवड्याभरात तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर चालू लागला, आणि तिला मिरजेच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तिला टाइप १ मधुमेह झाला होता. सतत तहान, वारंवार लघवी आणि घटणारे वजन ही त्याची ठळक लक्षणे आहेत. ती तीनही लक्षणे माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसलेली असताना मी त्यांना बेशिस्त समजले, याची बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मधुमेह म्हटले की आपल्याकडे पन्नाशीतील माणूस, वाढलेले पोट आणि गोड खाण्यावरची बंधने डोळ्यांसमोर येतात. टाइप १ मधुमेह निराळा असतो. त्यात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने किती गोड खाल्ले किंवा आईवडिलांनी काय चुकीचे केले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. इन्सुलिन नसल्यामुळे रक्तातील साखर पेशींच्या आत शिरू शकत नाही आणि भरल्या घरात माणूस उपाशी राहावा तशी शरीराची अवस्था होते. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारी आम्लद्रव्ये रक्तात साठतात आणि उपचार मिळाले नाहीत, तर मृत्यू ओढवतो. इन्सुलिन बाहेरून, दररोज, जन्मभर टोचून घ्यावे लागते. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम दिले गेले. त्यापूर्वी या आजाराचे निदान म्हणजे काही महिन्यांची मुदत असे.

२०१९च्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. त्या मुलीचे घर पाण्याखाली गेले आणि घरातले इन्सुलिनही त्यात गेले. तिच्या वडिलांनी मला दूरध्वनी केला, तेव्हा ते कुटुंब एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर आसरा घेऊन बसले होते. मिरजेतील एका औषधविक्रेत्याकडून इन्सुलिनच्या कुप्या आणि सिरिंज मिळाल्या आणि बोटीतून धान्य घेऊन निघालेल्या जवानांच्या हाती त्या पोहोचवता आल्या. संध्याकाळी त्या मुलीचाच दूरध्वनी आला. ती म्हणाली, "बाई, या सिरिंज केशरी टोपणाच्या आहेत, माझी लाल टोपणाची असते." तिच्या बोलण्यातील गांभीर्य मला नंतर कळले. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० एकक या प्रमाणाचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. केशरी टोपणाच्या सिरिंजवरील खुणा १०० एककांच्या इन्सुलिनसाठी आखलेल्या असतात. केशरी सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ४०चे इन्सुलिन भरले, तर शरीरात दहाऐवजी चारच एकके जातात. पुराच्या पाण्याने वेढलेल्या इमारतीत बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीने ती चूक पकडली होती. योग्य सिरिंज दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचल्या. तोपर्यंत तिच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून हिशेब सांगून वेळ निभावून नेली.

त्यानंतर मी अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा न्यासाला सुट्टीच्या दिवशी मदत करू लागले. टाळेबंदीच्या काळात औषधे घरोघर पोहोचवण्याचे काम आले आणि त्या निमित्ताने सांगली परिसरातील वीस मुलांची घरे मला आतून पाहायला मिळाली. इन्सुलिन साठवणीच्या काळात २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या घरात फ्रिज नाही, तेथे एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरतात, आतल्या मडक्यात कुपी ठेवतात आणि वर ओले फडके टाकतात. त्यात फ्रिजइतका थंडावा येत नसला, तरी उन्हाळ्यात वापरातली कुपी खराब होण्यापासून वाचते. काही घरांत मुलीचा आजार शेजाऱ्यांनाही कळू दिलेला नव्हता, कारण पुढे तिचे लग्न कसे जमेल ही काळजी आजारापेक्षा मोठी झाली होती. एका घरात कुणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन थांबवून काढा सुरू केला होता. न्यासाच्या डॉक्टरांनी त्याच रात्री जाऊन ते परत सुरू करवले.

या सगळ्या घरांत मला एकच उणीव सतत दिसली. इन्सुलिन कुठून ना कुठून मिळत होते. रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या मात्र मिळत नव्हत्या. साखर मोजल्याशिवाय टोचलेले इन्सुलिन म्हणजे अंधारात टाकलेले पाऊल असते. मात्रा कमी पडली तर साखर चढते आणि जास्त झाली तर इतकी उतरते की मूल झोपेतच बेशुद्ध होऊ शकते. दिवसातून निदान चार वेळा मोजणे अपेक्षित असताना बहुतेक मुले दिवसाआड एकदा मोजत होती आणि काही घरे उरलेल्या पट्ट्या 'अंगात बरे वाटेनासे होईल तेव्हासाठी' राखून ठेवत होती. न्यासाला एक पट्टी घाऊक भावाने साधारण १८ रुपयांना पडत होती. वीस मुले, दिवसाला चार पट्ट्या आणि ३६५ दिवस, म्हणजे २९,२०० पट्ट्या. त्यांची किंमत ५,२५,६०० रुपये. हा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा वहीच्या पहिल्या पानावर मांडला आणि पुढे दहा महिने तेच पान उघडून पाहत राहिले.

२०२१च्या दिवाळीत मी ओळखीच्या लोकांना एक साधे आवाहन करून पाहिले होते. त्यातून ३१,००० रुपये जमले. लोक कंजूष नव्हते; परंतु एकदा मागितल्यावर, त्यांनी एकदा दिल्यावर, पुन्हा त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जायचे हे मला सुचत नव्हते. आणि एका भेटीत हा आजार समजावून सांगणे शक्य नव्हते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात मधुमेहाचे जे चित्र आधीपासून असते, ते पुसण्यातच ती भेट संपून जाई. लोकांकडे पुनःपुन्हा जाता येईल, दर वेळी सांगायला काही नवे असेल आणि ते सांगता सांगता त्या मुलांबद्दलही बोलता येईल, असे एखादे लांब चालणारे निमित्त मला हवे होते. गोव्यातील ही स्पर्धा २०१९मध्ये पहिल्यांदा झाली होती, करोनामुळे पुढची दोन वर्षे ती होऊ शकली नाही आणि २०२२ची तारीख ठरली ती १३ नोव्हेंबर, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या आदल्या दिवसाची. १४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधात अग्रभागी असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस आहे आणि आपल्याकडे तो बालदिनही आहे. त्या वर्षी इन्सुलिनच्या पहिल्या वापराला १०० वर्षे पूर्ण होत होती. तारखांचा हा मेळ पाहिल्यावर मी फार विचार करत बसले नाही.

ठरवले मात्र तीन गोष्टींबद्दल अगदी काटेकोरपणे. पहिली म्हणजे प्रवेशशुल्क, सायकल, प्रवास आणि राहणे यांचा सारा खर्च मी माझ्या पगारातून करायचा. देणगीतील एकही रुपया माझ्या पळण्यावर खर्च होता कामा नये. दुसरी म्हणजे एकही रक्कम माझ्या बँक खात्यात येऊ द्यायची नाही. ती थेट न्यासाच्या खात्यात जायला हवी. तिसरी म्हणजे मी स्पर्धा पूर्ण करू शकले नाही, तरी देणगी परत मागितली जाणार नाही, हे आधीच सांगून टाकायचे, कारण मुलांच्या पट्ट्या माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर ठेवणे मला पटत नव्हते. एका किलोमीटरमागे २५८ पट्ट्या बसत होत्या. ज्याला जमेल त्याने एक किलोमीटर उचलावा, न जमेल त्याने शंभर मीटर उचलावेत, अशी मांडणी मी केली, आणि रकमेपेक्षा हे अंतर लोकांच्या अधिक लक्षात राहिले असा माझा अनुभव आहे.

पैसे मागण्यामागे किती नियम असतात, हे मला तोवर माहीत नव्हते. आयकराच्या त्या वेळच्या कलम ८०जीखाली सवलत हवी असेल, तर दोन हजार रुपयांवरील देणगी रोखीने देऊन चालत नसे, देणगीदाराचा पॅन क्रमांक लागे, आणि न्यासाला वर्षअखेरीस प्रत्येकाला १०बीई या नमुन्यात प्रमाणपत्रही द्यावे लागे. त्यामुळे पैसे देणाऱ्या प्रत्येकाशी मला आणखी एकदा, पॅन क्रमांक मागण्यासाठी संपर्क साधावा लागला. दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याची देणगी न्यासाला घेता आली, कारण त्याचे नागरिकत्व भारतीय आहे आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले होते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीला मात्र मला नकार कळवावा लागला, कारण कायद्याने ती विदेशी देणगी ठरली असती आणि न्यासाकडे तशी नोंदणी नव्हती. पाच किलोमीटर उचलायला निघालेल्या मुलीला 'तुझे पैसे नकोत' असे लिहिताना फार जड गेले.

सर्वांत आधी देणगी दिली ती आमच्या शाळेतील सेविका मावशींनी. त्यांनी दोनशे रुपये हातावर ठेवले आणि विचारले, "बाई, यात किती येतात?" मी अकरा पट्ट्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे एका पोरीचे पावणेतीन दिवस." माझ्या फळ्यावरच्या सगळ्या गणितापेक्षा हा हिशेब थेट होता आणि पुढे मी पट्ट्यांऐवजी दिवसच सांगू लागले. गणेशोत्सवात एका मंडळाने सजावटीचा खर्च कमी करून २१,००० रुपये दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरतीनंतर दहा मिनिटे बोलू दिले. त्या दहा मिनिटांनंतर एक गृहस्थ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की त्यांची नातही खूप पाणी पिते आणि हल्ली बारीक होत चालली आहे. दुसऱ्याच दिवशी तिची तपासणी झाली आणि साखर वाढलेली निघाली. अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची वेळ तिच्यावर आली नाही. यादीतील एकविसावे नाव तिचे.

सराव जानेवारी २०२२मध्ये सुरू झाला. पोहायला मी लहानपणी कृष्णेच्या घाटावर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले होते. परंतु तीस वर्षांत ते सुटले होते आणि जे येत होते ते डोके वर काढून मारलेले हात होते. तरणतलावातील प्रशिक्षकांनी पहिले दीड महिना मला केवळ पाण्यात श्वास सोडायला शिकवले. सायकल मी वापरलेली विकत घेतली आणि पहाटे तासगावच्या रस्त्याला, रविवारी दंडोबाच्या डोंगराच्या चढाला जाऊ लागले. धावणे मला तिन्हींत सर्वांत अवघड गेले. शाळा साडेदहाची असल्याने पहाटे चार ते सात हीच वेळ हाती होती, आणि घरातील स्वयंपाकाची जबाबदारी त्या दहा महिन्यांत माझ्या सासूबाईंनी एका शब्दाने न बोलता उचलली. त्या स्वतः गेली वीस वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतात. माझ्याबरोबर एका घरी येऊन चौथीतील मुलगा स्वतःच्या पोटात सुई टोचून घेताना पाहिल्यावर त्यांनी परतीच्या वाटेवर एवढेच म्हटले, "तू पळ. घरचे मी बघते."

एप्रिलमध्ये आम्ही काही जण मालवणला गेलो. तेथील चिवला किनाऱ्यावर दरवर्षी राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, त्यामुळे समुद्रात पोहण्याची जाण असलेली माणसे तेथे भेटतात. नदी माणसाला एकाच दिशेने ओढते. समुद्र उचलतो, खाली ठेवतो आणि श्वास घ्यायला तोंड वळवावे त्याच क्षणी त्यात पाणी भरतो. जेमतेम तीनशे मीटर गेल्यावर माझ्या नाकातोंडात खारे पाणी गेले, पायाखाली तळ नाही या जाणिवेने छाती आवळल्यासारखी झाली आणि २०१९च्या पुराचे ते करडे पाणी एकाएकी डोळ्यांसमोर आले. सोबतच्या जलतरणपटूने मला पाठीवर उताणे होऊन तरंगायला सांगितले, श्वास मोजायला लावला आणि किनाऱ्यापर्यंत आणले. त्या दिवशी मी पुन्हा पाण्यात गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, आणि दोनशे मीटर पोहून मुद्दाम उताणे होऊन तरंगले, पुन्हा दोनशे मीटर पोहले आणि पुन्हा तरंगले. घाबरल्यावर काय करायचे ते आधीच ठरवून, शांत मनाने दहा वेळा करून ठेवलेले असले, तर घाबरलेले शरीरही ते करते. त्या सहलीतून मी एवढेच शिकले आणि ते पुरेसे होते. पावसाळ्यात समुद्र बंद होता. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा मी न थांबता पावणेदोन किलोमीटर पोहले.

खाण्याचे शास्त्र मला त्या मुलीने शिकवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. लांब पल्ल्याच्या व्यायामात शरीराने यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर दोन-अडीच तासांत बरीचशी संपते, म्हणून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. मी खजूर, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि साखर-मीठ-लिंबाचे पाणी यांवर सराव केला. त्या मुलीला खेळायला जाण्यापूर्वी, खेळताना आणि खेळल्यानंतर आपल्या साखरेचे काय होते याचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. मी तिला माझे वेळापत्रक दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बाई, भूक लागायच्या आधी खायचं. हात थरथरायला लागले म्हणजे उशीर झालेला असतो. मग पंधरा ग्रॅम साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत मोजायचं. घाई नाही करायची." तोवर ती अकरावीला, विज्ञान शाखेत गेली होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सायकली ठरलेल्या जागी टांगून ठेवायच्या असतात, प्रत्येक क्रीडासाधनावर क्रमांक चिकटवायचा असतो आणि घोट्याला बांधायची वेळनोंदीची पट्टी ताब्यात घ्यायची असते. त्या रात्रीपर्यंत न्यासाच्या खात्यात ३,८७,००० रुपये आले होते. पहाटे किनाऱ्यावर उभे राहिल्यावर समोर मांडवीच्या मुखाजवळचे गढूळ पाणी आणि त्यात तरंगणारे दिशादर्शक फुगे दिसत होते. स्पर्धक थोड्याथोड्या अंतराने पाण्यात सोडले जात होते. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटांची मर्यादा असते. पहिल्या पाचशे मीटरमध्ये कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली, त्यात पाणी शिरले आणि मी ठरवून ठेवल्याप्रमाणे उताणे झाले, चष्मा नीट केला, पाच श्वास मोजले आणि पुढे निघाले. परतताना सूर्य किनाऱ्याच्या मागून वर आला होता, त्यामुळे समोरचे काहीच दिसत नव्हते आणि पुढच्या पोहणाऱ्याच्या पायांचा फेस पाहत जावे लागत होते. वाळूला हात लागला तेव्हा ५४ मिनिटे झाली होती.

सायकलीवर पहिले दोन तास मला इतके बरे वाटत होते की मी खाण्याचे वेळापत्रक सैल सोडले. त्यातच रस्त्यावरील एका उंचवट्यावर दणका बसून खजूर आणि लाडूंची पिशवी उघडली आणि सगळे सांडले. थांबून उचलायला हवे होते. मी वेळेच्या लोभाने पुढे गेले. साठ किलोमीटरच्या पुढे एका चढावर पाय जड झाले, अंगाला गार घाम सुटला, गियर बदलताना बोटे थरथरू लागली आणि मला कारण नसताना रडू येऊ लागले. मला मधुमेह नाही. माझे शरीर आपली साखर बऱ्याच अंशी स्वतः सावरू शकते. तरीही त्या दहा मिनिटांत, ती मुलगी शाळेत असताना अधूनमधून एकाएकी गप्प का व्हायची आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत असूनही का द्यायची नाही, हे मला शरीराने कळले. पुढच्या मदतकेंद्रावर मी सायकलवरून उतरले, दोन केळी आणि साखरपाण्याची अख्खी बाटली संपवली. बाहेरच्या कुणाची मदत घेण्यास मनाई असते, अधिकृत केंद्रावरचे मात्र घेता येते. मग पंधरा मिनिटे मी अगदी हळू पायडल मारले, मागचे सगळे पुढे जाऊ दिले आणि घड्याळाकडे फक्त ती पंधरा मिनिटे मोजण्यासाठी पाहिले. थरथर थांबली. पोहणे आणि सायकल मिळून साडेपाच तासांची मर्यादा असते. मी ५ तास ३ मिनिटांनी उतरले.

धावण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ऊन कडक होते, हवेत दमटपणा होता, दर मदतकेंद्रावर मी टोपीत बर्फ भरून घेतला आणि चढावर चालले, सपाटीवर धावले. शेवटच्या फेरीत मी उरलेले अंतर किलोमीटरमध्ये मोजणे सोडून दिले आणि ज्यांनी ज्यांनी ते किलोमीटर उचलले होते त्यांची नावे घेत गेले. एकशे अकरावा सासूबाईंचा होता, एकशे बारावा गणेश मंडळाचा, आणि शेवटचा एकशे तेरावा कुणा एकाचा नसून दोनशे-पाचशे रुपये देणाऱ्या अनेक जणांचा मिळून होता. एकूण मर्यादा साडेआठ तासांची असते. कमानीखालून गेल्यावर गळ्यात पदक पडले आणि मी सावलीत बसून आधी न्यासाच्या कोषाध्यक्षांना दूरध्वनी केला.

दुसऱ्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, ज्यांनी 'आधी पूर्ण करा, मग देऊ' असे म्हटले होते त्या सगळ्यांना मी स्वतः बोलावून घेतले, आणि महिनाअखेरपर्यंत एकूण रक्कम ५,६१,३५० रुपये झाली. वाढीव रकमेतून एकविसाव्या मुलीच्या पट्ट्या आणि सर्वांसाठी लाल टोपणाच्या सिरिंज घेण्याचे ठरले. पट्ट्यांना वापराची अंतिम तारीख असते आणि दमट हवेने त्या खराब होतात, म्हणून वर्षाचा साठा एकदम न घेता दर तीन महिन्यांनी घ्यायचा, असा डॉक्टरांनी आग्रह धरला आणि तो योग्यच होता. पहिल्या तिमाहीचा माल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. वीस मुलांच्या ७,३०० पट्ट्या, म्हणजे पन्नासची एक अशा १४६ डब्या, आणि एकविसाव्या मुलीच्या आठ डब्या निराळ्या.

नोंदवही ठेवायला ती मुलगी आली होती. आम्ही दोघी शाळेच्या प्रयोगशाळेतील लांब टेबलावर बसलो. तिने प्रत्येक डबीवरची अंतिम तारीख वाचली, लाल पेनाने झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि ज्यांची मुदत लवकर संपत होती त्या डब्या वरच्या थरात ठेवल्या. मधेच तिने दप्तरातून स्वतःचे यंत्र काढले, बोटाला सुई टोचली, आकडा वहीत लिहिला आणि पुढची डबी उचलली.